सायलेन्सरला वेल्डिंग मारायचं की नवीनच बसवायचा?

परवा सोलापुरात पुणे नाक्याच्या पुलावर चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की माझी जुनी गाडी ट्रॅक्टरसारखी भडभडायला लागली, बायको म्हणे काच वर करा, लोकं बघायलेत.

आधी आवाज कुठला ते बघा. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या, तरी भडभड वाढली तर बहुतेक एक्झॉस्ट (धुराचा पाइप) लीक, आणि न्यूट्रलला गप्प पण पळताना स्पीडबरोबर घूं घूं वाढत असेल तर व्हील बेअरिंग नाहीतर टायर. माझ्या गाडीत मधल्या जॉइंटला काळी काजळी धरलेली, म्हणजे गॅस तिथूनच सुटत होता.

वेल्डिंग स्वस्त आणि तासाभराचं काम, पण पत्रा जाड असेल तरच टिकतं. स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघा, भुगा पडला तर वेल्डिंग मारून उपयोग नाही, शेजारी दुसरं भोक पडतंय. आणि हो, वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगा, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला तर सायलेन्सर परवडला म्हणायची वेळ येईल.

नवीन महाग पडतो खरा, पण गाडी नुसती सात रस्ता ते होटगी रोड एवढीच फिरत असेल तर सायलेन्सर नीट तापत नाही, आत पाणी साचून आतूनच गंजतो, तिथं नवीनच बरा. माझा पत्रा चांगला निघाला म्हणून वेल्डिंग आणि जॉइंटच्या नवीन गॅस्केटवर (सीलवर) भागलं. पण केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर दुरुस्ती लांबवू नका, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वासही नसतो.