‘धीर धरा काका’ : सायकॅडच्या बिया विकत घेण्याआधी हे वाचा

सायकॅड म्हणजे ताडासारखी दिसणारी, फुलांऐवजी शंकू धरणारी झाडं. त्यांच्या बियांत फसवणाऱ्याला खोटं फारसं बोलावंच लागत नाही. झाडाबद्दलच्या खऱ्या गोष्टीच त्याच्या कामी येतात. बी रुजायला कित्येक महिने लागतात, हे खरं. सारखं उकरून बघू नये, हेही खरं. मला विकणाऱ्याने एवढ्या भांडवलावर जवळजवळ वर्ष काढलं.

पुण्यात बंगल्यांच्या दारात दिसतो तो साधा सायकस, म्हणजे सायकॅडचाच एक प्रकार, माझ्याकडे आहेच. हवा होता एन्सेफॅलार्टोस हॉरिडस, हा दुसरा सायकॅड. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधला, निळसर राखाडी पानांचा, हात लावाल तिथे टोचणारा. इन्स्टाग्रामवर एक विक्रेता सापडला. दहा बियांचे साडेचार हजार, पैसे आधी, यूपीआयने. पार्सल वेळेवर आलं. बिया गर काढून, धुऊन, वाळवून पाठवलेल्या. ‘गर राहिला तर उगवण अडते, काका,’ असा मेसेजही आला. तेही बरोबरच आहे. पण गरासोबत रंग जातो, आणि ओळखीची एक खूण तिथेच संपते.

सायकॅड आधी जाड सोटमूळ खाली सोडतो, पान मागाहून येतं. म्हणून कुंड्या खोल घेतल्या, जाडसर वाळू आणि कोकोपीट भरलं, बिया आडव्या, अर्ध्या उघड्या ठेवल्या. पावसाळा गेला, हिवाळा गेला. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘धीर धरा काका. हलवू नका, मूळ तुटेल.’ शेवटी उन्हाळ्यात एक बी हातोडीने फोडलं. आत पांढरा, पिठूळ मगज गच्च भरलेला. गर्भाचा पत्ता नाही. मग बाकीचीही फोडली. सगळी तशीच.

इथे जरा थांबतो, कारण भले भले इथेच चकतात. सायकॅडमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बीमधला मगज गर्भधारणेच्या आधीच तयार होतो. त्यामुळे परागकण न मिळालेल्या मादीवरही टपोऱ्या, वजनदार बिया धरू शकतात. ‘पाण्यात बुडालं म्हणजे चांगलं’ ही चाचणी म्हणूनच अपुरी. वांझ बीही बुडतं. उलट सायकसच्या काही जातींच्या जिवंत बिया तरंगतात. खात्री करायची तर एक बी बळी द्यावं लागतं. ताज्या बीतला गर्भ अगदी बारीक असतो आणि झाडावरून पडल्यावर वाढतो. म्हणजे ताजं बी फोडून काही दिसलं नाही तरी विक्रेत्याला पळवाट उरतेच. पण काही महिने वाळूत राहिलेल्या बीत तो दिसायलाच हवा. फोडताना हातमोजे घाला आणि तुकडे कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. ह्या बिया जीवघेण्या विषारी असतात.

दुसरी गोष्ट आकाराची. एन्सेफॅलार्टोसच्या बिया शंकूत एकमेकींवर दाबल्या जातात, त्यामुळे त्यांना कंगोरे पडतात. सायकसच्या मादीला असा बंद शंकू नसतो. लवदार पानांच्या कडेला बिया मोकळ्या धरतात, म्हणून गुळगुळीत राहतात. माझ्याकडे आल्या होत्या त्या गुळगुळीत आणि चपटसर. म्हणजे कुणाच्या तरी अंगणातल्या सायकसच्या बिया, हॉरिडसच्या किमतीला.

पैसे परत मागितल्यावर ‘तुमची वाळू ओली राहिली असेल’ असं उत्तर आलं, आणि नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर तक्रार नोंदवली. पण ती मदत पैसे गेल्यागेल्या फोन केला तर, रक्कम पुढे सरकण्याआधी रोखायला. इथे तर फसवणूक कळेपर्यंतच दोन ऋतू उलटलेले असतात. माल विकत घेतल्याची तक्रार ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वरही करता येते. त्यासाठी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि सगळं चॅट जपून ठेवा.

घेण्याआधी विचारायचं ते एवढंच, की बी आलं कुठून? एन्सेफॅलार्टोसच्या सगळ्या जाती साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात आहेत. बाहेरून आणलं म्हणत असेल तर दोन्ही देशांचे परवाने आणि रोगमुक्तीचा दाखला हवा. ‘आमच्याच बागेतलं’ म्हणाला तर नर आणि मादी दोन्हींच्या शंकूंचे, परागीकरण करतानाचे फोटो मागा. परागण करणारे तिकडचे भुंगेरे इथे नाहीत, म्हणजे ते काम कुणीतरी हाताने केलेलं असणार, आणि एवढी खटपट करणारा माणूस फोटो काढल्याशिवाय राहत नाही.

आणि सहज म्हणून ‘वुडीचं बी मिळेल का?’ असंही विचारून बघा. एन्सेफॅलार्टोस वुडीचं एकच झाड 1895 मध्ये आजच्या क्वाझुलू-नाताळमधल्या ओन्गोये जंगलात सापडलं, आणि ते नर होतं. आज जगभरच्या बागांत आहेत ती सगळी त्याच्याच फुटव्यांपासून झालेली, म्हणजे सगळी नर. मादी आजवर कुणाला सापडलेली नाही. माझ्या विक्रेत्याच्या यादीत शुद्ध वुडीच्या बिया होत्या, नगावर सूट देऊन.