विद्यापीठ खरं, पदवी खोटी : मानसशास्त्राच्या एम.ए.च्या नावाखाली झालेली फसवणूक

बी.एड. करून काही वर्षं शाळेत काढलेल्या शिक्षिकेला कधी ना कधी वाटतंच, की शैक्षणिक मानसशास्त्रात रीतसर एम.ए. करावं. चौथीतलं एखादं मूल अजून 'क' आणि 'फ'मध्ये घोळ घालतं, दुसरं वर्गात तोंडच उघडत नाही, पालक विचारतात, "मॅडम, कुणाला दाखवू का?" आणि आपल्यापाशी पियाजेने सांगितलेल्या, पाठ केलेल्या बालविकासाच्या चार अवस्थांपलीकडे सांगायला फारसं काही नसतं. नोकरी सोडून मुंबई-पुण्याला जाऊन राहणं जमणारं नसतं. नेमक्या ह्याच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून बसलेली मंडळी आहेत. मी सांगली जिल्ह्यातली. माझे पंचाण्णव हजार गेले, दोन वर्षं गेली आणि मूळ कागदपत्रं सोडवायला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. सेंटरचं नाव लिहीत नाही, प्रकरण तपासात आहे. ह्या धंद्याची पद्धत मात्र सगळी सांगते, कारण नाव बदलून हेच प्रत्येक जिल्ह्यात चालू असणार.

जाहिरातीत होतं : 'एम.ए. (शैक्षणिक व विकासात्मक मानसशास्त्र), दूरस्थ, यूजीसी मान्यताप्राप्त, नोकरी सांभाळून.' सेंटर बसस्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. भिंतीवर परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं राजपत्र फ्रेम करून लावलेलं, शेजारी यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, पत्र. सेंटर चालवणाऱ्या सरांचं बोलणं मधाळ. "ताई, तुम्ही स्वतःच यूजीसीच्या साइटवर बघा, आमच्या शब्दावर जाऊ नका."

मी बघितलं. विद्यापीठ यादीत होतं. राजपत्र अस्सल, पत्रही अस्सल. ह्या फसवणुकीचं इंगित तिथेच आहे. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी दरवर्षी काढतं, पेपरात येते, आणि आपल्याला वाटतं की त्या यादीत नाव नसलं म्हणजे झालं. हे लोक बनावट विद्यापीठाच्या वाटेला जातच नाहीत. ते खऱ्या विद्यापीठाचं नाव वापरतात.

विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि त्या विद्यापीठाला तो विशिष्ट अभ्यासक्रम, त्या विशिष्ट वर्षी, दूरस्थ पद्धतीने चालवायची परवानगी असणं वेगळं. ही परवानगी यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग देतो. त्याला डीईबी म्हणतात आणि त्याची यादी स्वतंत्र असते. माझ्या विद्यापीठाला दूरस्थ एम.ए. मानसशास्त्राची परवानगी कधीच नव्हती. शिवाय राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, सरकारी असो की खासगी, दूरस्थ शिक्षणाची केंद्रं आपल्या राज्याबाहेर काढता येत नाहीत. फ्रँचायझी देऊन शिकवणं तर कुणालाच चालत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमाला राज्याची हद्द लागू नाही, पण मग त्यात बसस्टँडवरच्या सेंटरचं कामच काय?

हा नियम का आला, ते छत्तीसगडचं प्रकरण आठवलं की कळतं. तिथे 2002च्या कायद्याखाली बघता बघता शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली, कित्येकांना धड इमारत नव्हती. शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2005मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातली ती तरतूदच रद्द केली. वीस वर्षं झाली, तरी आमच्या तालुक्यात 'परराज्यातलं आहे म्हणून स्वस्त आहे' हे वाक्य अजून खपतं.

पैशाची रीत बघा. वर्षाला अडतीस हजार, त्यावर 'प्रॅक्टिकल फी' बारा हजार आणि 'प्रोजेक्ट मार्गदर्शन' सात हजार. विद्यापीठाच्या खात्यावर एक रुपयाही गेला नाही. काही रोख, काही यूपीआयने सरांच्या बचत खात्यावर, आणि पावती कुठल्याशा शिक्षण संस्थेच्या नावाची. बी.ए. आणि बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं 'व्हेरिफिकेशनला पाठवायची आहेत' म्हणून ठेवून घेतली. मूळ कागद बघून जागच्या जागी परत द्यायचे असतात, संस्थेने ते अडकवून ठेवायचे नाहीत, हे यूजीसीने 2018मध्येच स्पष्ट केलेलं आहे. कागद अडकले की विद्यार्थी हप्ता चुकवत नाही आणि तक्रारही करत नाही. त्यासाठीच ते ठेवून घेतात.

आता जर्नलबद्दल, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण ज्याला हा विषय थोडाफार माहीत आहे त्याला सेंटरचा खोटेपणा तिथेच दिसतो. मानसशास्त्राचं एम.ए. प्रात्यक्षिकाशिवाय होत नाही. समोर खरं मूल बसवायचं, चाचणी तिच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने घ्यायची, वेळ मोजायची, मूल कुठे अडखळलं त्याची नोंद करायची आणि मग जाणत्या माणसाकडून तो अहवाल तपासून घ्यायचा. आपल्याकडे ह्या कामाची परंपरा जुनी आहे. व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी 1930च्या दशकात बसवली, ती बिने-कामत म्हणून आजही वापरात आहे. नागपूरला फादर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमत्ता चाचणी तयार केली. लहान बाळांच्या विकासाचं मोजमाप करणारी 'दासी' बडोद्याला प्रमिला फाटकांनी केली. ह्या मंडळींनी शेकडो मुलं तपासून वयोमानाप्रमाणे तक्ते बांधले. कारण एक आकडा चुकला तरी एखाद्या पोरावर 'मतिमंद' असा शिक्का बसतो आणि तो आयुष्यभर पुसला जात नाही.

आमच्या सेंटरवर चाचणीची पेटी कपाटात होती, कपाटाला कुलूप. आम्हाला मिळालं ते स्पायरल बाइंडिंग केलेलं तयार जर्नल, वरती नाव घालायला कोरी पट्टी. केस स्टडी होती 'चि. अ, वय 7'ची. तिसऱ्या पानावर त्याचा बुद्ध्यंक 82 आणि शेवटच्या पानावर शिफारस : 'बालक अतिशय प्रज्ञावान असून बुद्ध्यंक 128 आहे, त्यास विशेष वर्गात घालावे.' माझ्याबरोबरच्या एका अंगणवाडीताईंच्या जर्नलमध्ये तीच केस 'कु. अ' झाली होती. सुरुवातीची क्रियापदं बदलली होती, पुढची राहून गेली होती. त्यामुळे ती मुलगी पहिल्या पानावर 'शाळेत रडते' आणि दुसऱ्या पानावर 'मैदानावर मित्रांशी भांडतो'. सरांना दाखवलं, तर म्हणाले, "मॅडम, वाचतंय कोण? परीक्षक आपलाच आहे." पैशाचा राग एकवेळ शांत होईल. असं जर्नल घेऊन उद्या कुणीतरी खऱ्या मुलाचं निदान करायला बसणार आहे, त्याचा राग शांत होत नाही.

लेखी परीक्षा पुस्तकं उघडून झाली. गुणपत्रिका जाड कागदावर आली, होलोग्राम होता, क्यूआर कोडही होता. मोबाइलने स्कॅन केलं की विद्यापीठाचं पान उघडायचं, नाव, बैठक क्रमांक आणि हिरवी बरोबरची खूण.

जवळच्या एका सीबीएसई शाळेत समुपदेशकाची जागा निघाली. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून ह्या पदवीला मागणी आहे आणि म्हणून तिचा बाजारही आहे. मुलाखत छान झाली. कागद तपासायला गेले ते ऑफिसातल्या भाऊसाहेबांकडे. त्यांनी कोड स्कॅन केला, हिरवी खूण बघितली आणि वरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. पत्त्याच्या शेवटी 'डॉट ओआरजी डॉट इन' होतं. खऱ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळाच्या शेवटी 'डॉट एसी डॉट इन' आहे. हा दुसरा पत्ता फक्त शिक्षण संस्थांना, तोही अर्नेट ह्या सरकारी संस्थेमार्फतच मिळतो. पहिला कुणीही चार पैसे टाकून विकत घेऊ शकतो. म्हणजे गुणपत्रिकाही त्यांचीच आणि तिला खरी ठरवणारं पानही त्यांचंच. भाऊसाहेबांनी यूजीसीच्या साइटवरून कुलसचिवांचा पत्ता काढून मेल केला. उत्तर आलं : ह्या नोंदणी क्रमांकाची विद्यार्थिनी आमच्या दफ्तरी नाही.

वकिलांनी पहिलं काम सांगितलं ते पैसे मागायचं नव्हतं. शाळेला लेखी पत्र देऊन अर्ज मागे घ्या आणि ही गुणपत्रिका पुन्हा कुठेही जोडू नका, असं ते म्हणाले. बनावट आहे हे कळल्यावर तोच कागद खरा म्हणून वापरला, तर फसवलेला माणूसच आरोपी होतो. हे तुम्हीही ध्यानात ठेवा. 'एवढे पैसे गेलेत, निदान एखाद्या छोट्या शाळेत तरी चालवून घेऊ' हा विचार मनात येतो. आमच्यातल्या दोघींच्या मनात आला होता.

ग्राहक मंचाची आशा मला फार होती. वकिलांनी ती लगेच खाली आणली. विद्यापीठं आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांच्यातला वाद ग्राहक कायद्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच पुढे करणार. म्हणून फौजदारी. माझा शेवटचा हप्ता जुलै 2024च्या, म्हणजे नवा फौजदारी कायदा लागू होण्याच्या आधीचा, त्यामुळे जुन्या दंडविधानातलं फसवणुकीचं कलम 420, शिवाय बनावट दस्तऐवजाची कलमं. त्यानंतर पैसे दिलेल्यांना भारतीय न्याय संहितेचं 318 लागतं. पोलीस आधी म्हणाले, "हा तुमचा आपसातला व्यवहार." विद्यापीठाचा मेल छापून समोर ठेवल्यावर तक्रार घेतली. मूळ प्रमाणपत्रं त्यानंतर लवकर सुटली. पैसे अजून नाहीत.

हे सगळं निस्तरेपर्यंत नियमही बदलले. 2024पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतः डीईबी आयडी काढावा लागतो. 'आम्ही काढून देतो, ओटीपी तेवढा सांगा' म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या बाहेरच ठेवा. आणि 2025 साली तर यूजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीतून काढूनच टाकलं. आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021चा जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा आहे, त्यात येणारे विषय घरबसल्या शिकवायचे नाहीत, असं ठरलं, आणि जुलै-ऑगस्ट 2025च्या सत्रापासून नवे प्रवेश बंद झाले. गृहिणी आणि नोकरदार बायकांवर हा अन्याय आहे असं मला वाटतं, कारण इग्नू ह्या मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणी ह्या एम.ए.ला प्रात्यक्षिकं आणि इंटर्नशिप दोन्ही होती. पण नियम आहे तो आहे. आज कुणी दूरस्थ एम.ए. मानसशास्त्राचा नवा प्रवेश देत असेल, तर पुढचं ऐकायचीही गरज नाही.

शाळेत राहून ह्या कामात पडायचं असेल त्यांच्यासाठी एनसीईआरटीचा (शालेय शिक्षणातल्या संशोधन-प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था) मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यातला काही भाग घरून, काही समोरासमोर आणि काही इंटर्नशिप. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था येते. मला ह्याचा पत्ता भाऊसाहेबांकडून लागला.

त्या सेंटरचं आता नवं गाणं चालू आहे : 'बालसमुपदेशन पदविका, सहा महिने, आरसीआय समकक्ष.' भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, अपंगांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांची नोंदणी करते आणि 1992च्या कायद्याने चालते. तिने मान्यता दिलेला अभ्यासक्रम केला तरच नोंदवहीत नाव आणि क्रमांक मिळतो. त्याशिवाय अपंग मुलांसाठीचं हे पुनर्वसनाचं व्यावसायिक काम केलं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'समकक्ष' असा प्रकार त्या कायद्यात नाही. नुसतं एम.ए. केलं म्हणूनही तो क्रमांक मिळत नाही, मग ते कितीही खऱ्या विद्यापीठाचं असो.

सांगली-कोल्हापूर भागात कुणी अशा सेंटरला पैसे भरले असतील, तर यूपीआयचे स्क्रीनशॉट, पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आधी दुसऱ्या फोनवर उतरवून ठेवा. आमच्या तुकडीचा ग्रुप सरांनी एका रात्रीत डिलीट केला होता. तक्रार प्रत्येकीने आपापली द्या, सगळ्यांची मिळून एक नको. एकत्र अर्जातल्या दोघींनी पुढे समझोता करून सह्या मागे घेतल्या आणि उरलेल्यांचं प्रकरण त्या कारणाने महिनोन् महिने रखडलं.