ईकोला वरून कुलूप, खालून मोकळं

नाशिकच्या सिडकोत आमच्याकडे गाड्या रस्त्यावरच लागतात. इमारतीखाली जी जागा आहे ती दोन स्कूटर आणि पाण्याच्या पंपाने खाल्लीय. माझी ईको, म्हणजे मारुतीची व्हॅन, केटरिंगची. पहाटे पातेली भरून निघते, रात्री पुन्हा गल्लीत. तिच्यावर मी एकेक करून काय काय चढवलं आणि त्यातलं काय कामाला आलं, ते लिहितेय. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण दुकानात चार खोक्यांतून चार नावांचा माल काढला तरी आतली वस्तू एकच निघते.

पहिला आला स्टिअरिंगचा रॉड. पिवळा, दोन्हीकडे आकडे असलेला, हजाराच्या आत. दुकानदार म्हणाला, "ताई, हा बघितला की चोर पुढच्या गाडीकडे जातो." यात तथ्य आहे, कारण रॉड लांबूनच दिसतो. पण आमचे भाऊजी गॅरेजवाले, त्यांनी हसत सांगितलं की रॉडला कोण हात लावतंय? हॅकसॉने स्टिअरिंगची रिंगच कापायची, रॉड आपोआप सुटतो. शिवाय रॉडची किल्ली अडकते. थंडीत पहाटे साडेचारला, मागे पोह्यांचं पातेलं आणि हातात न फिरणारी किल्ली, तेव्हा चोरापेक्षा मीच जास्त वैतागते. पाचपैकी दोन.

गिअर लॉक त्याहून बरं. पट्टी खाली पत्र्याला बोल्टने बसते, गाडी रिव्हर्समध्ये टाकायची आणि कडी लावायची. कापायला वेळ लागतो, आवाजही होतो. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. क्लच दाबला की गाडी ढकलता येते आणि टोचन लावून ओढूनही नेता येते. बसवताना बोल्ट खालून नुसते नटवर ठेवू नका, वेल्डिंगचा टाका मारून घ्या.

सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडलेला म्हणजे चोर स्विच. पेट्रोल पंपाच्या वायरीत एक साधं बटण, कुठे ते घरच्यांनाच माहीत. बटण बंद असलं तरी गाडी सुरू होते, पाइपात उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत चालते आणि मग आचके देऊन बंद पडते. आमचा नवा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी असा अडकला, मागे रिक्षावाल्यांचे हॉर्न. तेव्हाच पटलं की हे काम करतं. गाडी वॉरंटीत असेल तर वायर तोडण्याआधी शोरूमला विचारा. कामही चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, उघड्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळणाऱ्याकडून नको.

सायरनबद्दल काय लिहू? फटाक्याला वाजतो, ढगांच्या गडगडाटाला वाजतो, मांजर बॉनेटवर बसली तरी वाजतो. आता वाजला तर गल्लीत कुणी खिडकीसुद्धा उघडत नाही. जीपीएस ठीक आहे, पण तो गाडी गेल्यावर कळवतो, आणि त्याच्या सिमचं रिचार्ज संपलं की तेही नाही.

हे सगळं बसवून झाल्यावर समोरच्या दूधवाल्या दादांनी पहाटे त्यांची ईको सुरू केली आणि अख्खी गल्ली जागी झाली. ट्रॅक्टरसारखा आवाज. स्टिअरिंगचा रॉड जागेवर, गिअर लॉक जागेवर, दारं बंद. खालून सायलेन्सर गायब! ईको उंच असते, माणूस जॅकशिवाय खाली सरकतो, पान्याने नट काढले की झालं. सायलेन्सरला जोडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. आतली हे धातू असलेली भुकटी, तिलाच 'माती' म्हणतात, ती काढून विकतात. नाशिक, पुणे, ठाणे, पार गुजरातपर्यंत ईकोच्या सायलेन्सरचोरीच्या बातम्या आल्यात. म्हणजे माझ्या गाडीत चोराला जे हवं होतं, त्याला मी कुलूपच लावलं नव्हतं.

मग अंबड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून सळयांची जाळी करून घेतली. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण कुरूपपणाचा कापला. तीन गोष्टी त्याला बजावा. कन्व्हर्टर प्रचंड तापतो, तेव्हा जाळी त्याला चिकटू नये, बोटभर फट हवी. जाळी चासीच्या पट्टीला बोल्टने बसवावी, सायलेन्सरवर वेल्डिंग करू नये. आणि बोल्टचं डोकं घासून गोल करावं, म्हणजे पाना बसत नाही. सायलेन्सरवर गाडीचा नंबरही ठोकून घेतला. सर्व्हिसिंगला मेकॅनिक कटकट करतो, जाळी उघडायचे वेगळे पैसे घेतो. घेऊ दे.

विम्यात सवलत मिळेल या आशेवर रॉड घेऊ नका. ती एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने मान्यता दिलेल्या उपकरणालाच मिळते, तीही ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही.

तुमची गाडी जुनी अल्टो-वॅगनार असेल तर जाळीच्या नादी लागू नका, चोर स्विच आणि गिअर लॉक पुरे. आणि दुसरी किल्ली कुठे ठेवलीय ते आजच शोधा. गाडी गेली तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.