मुंबई–नागपूर रात्रीची गाडी: स्लीपर, थ्री एसी की टू एसी?

माझं माहेर नागपूरचं, सासर ठाण्याचं. गेली सोळा वर्षं हा ८३७ किलोमीटरचा प्रवास मी वर्षातून तीन-चार वेळा करते. आधी एकटी जायचे, मग कडेवर पोर घेऊन, आणि आता बहुतेक वेळा आईला आणायला नाहीतर सोडायला. ओळखीचं कुणी पहिल्यांदा निघालं की विचारतं, "तिकीट कशाचं काढू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी बर्थ बघा, डब्याचं नंतर ठरवा.

हे मी शिकले आईच्या गुडघ्यांमुळे. तिला त्रास नको म्हणून एकदा मुद्दाम टू एसीचं तिकीट काढलं. काढायला उशीर झाला होता, त्यामुळे अप्पर बर्थ मिळाला. खालचं कुणीतरी बदलून देईल असं मी धरून चालले होते. पण समोरासमोरच्या खालच्या दोन्ही बर्थवर सत्तरी ओलांडलेलं जोडपं होतं, आणि पॅसेजपलीकडच्या साइड लोअरवर पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस. आईने पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा उचलता येईना. शेवटी टीसींनी थ्री एसीत विचारलं आणि एका कॉलेजच्या मुलाने आपला खालचा बर्थ दिला. त्या रात्री आई थ्री एसीत शांत झोपली. तो मुलगा टू एसीत वर झोपला आणि जादाचे पैसे मात्र आईच्या तिकिटात गेलेले होते. तेव्हापासून खालचा बर्थ मिळत नसेल तर आईसाठी मी तारीख बदलते, डबा बदलून उपयोग नसतो.

गाडी कोणती

यात फार घोळ नाही. विदर्भ एक्सप्रेस सीएसएमटीहून संध्याकाळी सातच्या सुमारास निघते आणि सकाळी नऊच्या आसपास नागपूरला पोचते. वाटेत नाशिक रोड, जळगाव, भुसावळ, शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा असे बरेच थांबे आहेत. दुरांतो आठनंतर सुटते, जवळजवळ न थांबता धावते आणि सकाळी लवकर पोचवते. नागपुरात दहाला कामावर हजर व्हायचं असेल तर दुरांतो. पण तिचं भाडं स्थिर नसतं. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्यांना चढतं भाडं लागू आहे, म्हणजे बर्थ भरत जातील तसं भाडं वाढतं आणि १.४ पटीपर्यंत जाऊ शकतं. सुट्टीच्या तोंडावर दुरांतोचा थ्री एसी बघून दचकायला होतं, त्याचं कारण हे. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणाऱ्यांना किंवा अकोला-अमरावतीकडच्यांना दुरांतो कामाचीच नाही.

स्लीपर आणि थ्री एसी

खरी निवड या दोघांतच असते. थ्री एसीचं भाडं स्लीपरच्या साधारण अडीच पट पडतं. चौघांचं कुटुंब जाऊन-येऊन धरलं तर हा फरक हजारांत जातो, त्यामुळे "एसीच घ्या" असं सरसकट सांगणं मला पटत नाही. स्लीपरने मीही खूप फिरले आहे आणि योग्य महिन्यात अजूनही फिरते.

योग्य महिना म्हणजे कोणता? ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर, आणि फेब्रुवारी ते होळीपर्यंतचे दिवस. कसाऱ्याला मागून ढकलायला जादाचं बँकर इंजिन लागतं, १:३७ चा (३७ मीटरमागे एक मीटर) चढ चढून गाडी इगतपुरीला येते आणि खिडकीतून येणारी हवा एकदम बदलते. घामेजलेली मुंबई खाली राहते. ती हवा काचबंद डब्यात मिळत नाही, आणि ज्याला गाडीच्या प्रवासाची आवड आहे त्याने ती एकदा तरी अनुभवावी.

डिसेंबर-जानेवारीत मात्र याच खिडकीचा त्रास होतो. खानदेश-वऱ्हाडात पहाटे कडक थंडी असते आणि स्लीपरची खिडकी कितीही खाली ओढली तरी फटीतून वारा येतोच. स्लीपरमध्ये चादर-ब्लँकेट मिळत नाही. घरची जाड चादर, कानटोपी, पायमोजे न्यावेच लागतात. पावसाळ्यात घाटात खिडकीपाशी पाणी आत येतं, तेव्हा खालच्या बर्थवर डोकं खिडकीकडे करू नका. मे महिन्यात रात्र कशीबशी निघते, पण गाडी लेट झाली आणि बडनेऱ्याच्या पुढे दिवस वर आला तर डबा भट्टीसारखा तापतो. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर एप्रिल-मेमध्ये स्लीपर नकोच.

थ्री एसीत तुम्ही पैसे मोजता ते थंडाव्यापेक्षा शांततेसाठी, असं माझं मत आहे. दार बंद असतं, धूळ नसते, रुळांचा खडखडाट कमी ऐकू येतो. विनाआरक्षण चढून बर्थच्या कडेला टेकणारे जवळजवळ नसतात. दोन चादरी, उशी, ब्लँकेट आणि छोटा टॉवेल तिकिटातच येतो. चादरी प्रत्येक वापरानंतर धुतल्या जातात. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. म्हणून दोन चादरींपैकी एक अंथरायची आणि दुसरी अंगाला लावून वर ब्लँकेट घ्यायचं. नाक नाजूक असलेल्यांनी घरची शालच न्यावी.

मध्ये एक थ्री एसी इकॉनॉमीही आला आहे, २०२१ पासून. भाडं थोडं कमी, आणि त्याच लांबीच्या डब्यात जास्त बर्थ. नवे थ्री एसी डबे ७२ बर्थचे असतात, इकॉनॉमीत ८० च्या वर बर्थ बसवले आहेत, त्यामुळे पाय ठेवायची जागा अरुंद. एकट्या तरुण माणसाला चालेल. उंच माणसाला किंवा जास्त सामानवाल्याला वाचलेले थोडे पैसे महागात पडतील.

टू एसी कधी

थ्री एसीच्या दीडपटीच्या आत-बाहेर पैसे मोजून टू एसीत काय वाढतं? मधला बर्थ नसतो, एवढंच. पण हे "एवढंच" मोठं आहे. खालच्या बर्थवर कधीही ताठ बसता येतं. थ्री एसीत आणि स्लीपरमध्ये रात्री १० ते सकाळी ६ ही झोपायची वेळ. मधला बर्थ लागला की खालचा माणूस मान वाकवूनच बसतो. कंबरदुखी असेल, बाळाला दूध पाजायचं असेल, रात्री दोनदा उठून बसावं लागत असेल, तर टू एसीचा खालचा बर्थ घ्या आणि पैशाकडे बघू नका. पडदाही असतो. माझा मुलगा चार महिन्यांचा असताना त्या पडद्याने मला जो निवांतपणा दिला, तो मी विसरलेले नाही.

टू एसीचा अप्पर मात्र मी कुणालाच सुचवत नाही. थ्री एसीचा अप्पर आणि तो, यात झोपेच्या दृष्टीने फारसा फरक नाही, आणि चढायला दोन्हीकडे तेवढेच कष्ट.

फर्स्ट एसीबद्दल थोडक्यात: दाराची कडी लावता येते, पण दोघांची केबिन मिळणार की चौघांची, हे चार्ट (बर्थची शेवटची यादी) लागल्यावरच कळतं. नवराबायको म्हणून दोघांचीच केबिन धरून चालू नका.

नंबरावरून बर्थ

तिकिटावर नंबर आला की लगेच ओळखता यायला हवं. स्लीपर आणि थ्री एसीत नंबराला ८ ने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अप्पर, ७ साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. म्हणजे ३६ नंबर लोअर, ४० साइड अप्पर. टू एसीत ६ ने भागा: १ आणि ३ लोअर, २ आणि ४ अप्पर, ५ साइड लोअर, भाग गेला तर साइड अप्पर.

अगदी सुरुवातीचे आणि अगदी शेवटचे नंबर दाराजवळ येतात. रात्रभर दार आपटत राहतं, संडासाकडे जाणाऱ्यांची ये-जा असते, थंडीत प्रत्येक वेळी गार झोत येतो. स्लीपर-थ्री एसीत तिशी-चाळिशीतले नंबर डब्याच्या मध्यावर असतात, तिथे धक्केही कमी बसतात.

साइड लोअरबद्दल लोकांची दोन टोकांची मतं आहेत. एकटं जायचं असेल तर मला तो आवडतो, कारण खिडकी पूर्ण आपली असते आणि समोर अनोळखी पाय नसतात. पण हा बर्थ दोन खुर्च्या पाडून होतो, मध्ये फट राहते, पाठीला ती जाणवते. शिवाय दोन्ही टोकांना भिंत असल्यामुळे पावणेसहा फुटांच्या वरच्या माणसाला पाय दुमडूनच झोपावं लागतं. आरएसी तिकीट म्हणजे हाच बर्थ दोघांत अर्धा अर्धा. आरएसीवर गाडीत चढता येतं, पण झोपेचा भरवसा धरू नका. कन्फर्म न झालेल्या वेटिंगवर आरक्षित डब्यात बसता येत नाही, ऑनलाइन असेल तर ते तिकीट आपोआप रद्द होतं.

एकट्या जाणाऱ्या मुलींना मी थ्री एसीचा अप्पर सांगते. दिवसा खाली बसता येतं, रात्री कुणी येऊन पायाशी टेकत नाही, पर्स उशीखाली राहते. सोळा वर्षांपूर्वी मीही अप्परच घ्यायचे. स्लीपरमध्ये महिलांसाठी वेगळा कोटा असतो, तो बुकिंग करताना जरूर बघावा. आणि स्लीपरमध्ये खिडकीकडे डोकं आणि गळ्यात साखळी असं कधीही झोपू नका. गाडी स्टेशनात शिरताना हळू होते, तेव्हाच बाहेरून हात येतो. मोठी बॅग सगळ्याच डब्यांत बर्थखालच्या कडीला साखळी-कुलपाने बांधावी.

६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांना खालच्या बर्थचा कोटा आहे. आईचं तिकीट वेगळं काढलं तर या कोट्यातून लोअर मिळण्याची शक्यता वाढते. आमच्या चौघांच्या एकाच तिकिटात तिचं नाव घातलं की ती सवलत हातची जाते, असा माझा अनुभव आहे. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशोब करू नका.

जेवण, चढणं, उतरणं

जेवण घरचं न्या. आमच्याकडे दशम्या, सुकी बटाट्याची भाजी आणि तिळाची चटणी ठरलेली. गाडीत मिळतं, रेल्वेच्या आयआरसीटीसी साइटवरून पुढच्या स्टेशनवर मागवताही येतं, पण रात्री नाशिकनंतर कुणाची वाट बघत बसण्यापेक्षा कल्याण गेलं की डबा उघडावा आणि दहापर्यंत बर्थ लावून मोकळं व्हावं.

ठाण्याला राहत असूनही म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी सीएसएमटीहूनच चढते. ठाण्यात गाडी जेमतेम थांबते आणि संध्याकाळच्या गर्दीत डबा शोधणं आईला झेपत नाही. सीएसएमटीला गाडी आधी लागलेली असते, आणि त्या वेळी तिकडे जाणारी लोकल उलट्या दिशेची म्हणून बऱ्यापैकी रिकामी असते. फक्त तिकीटही सीएसएमटीपासूनचं काढा.

शेगाव-अकोल्याला उतरणाऱ्यांची पहाट चारच्या आसपास होते. अशा वेळी मिडल-अप्परवरून अंधारात सामान काढणं कठीण जातं. रेल्वेच्या १३९ नंबरवर स्टेशन येण्याआधी फोन येण्याची सोय आहे, ती लावून ठेवा. मोबाइलचा गजर गाडी लेट असेल तर उपयोगाचा नाही.

आणि ट्रॅव्हल्सची बस?

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर. तेव्हापासून बरेच जण विचारतात. वेटिंग हटत नसेल आणि जायलाच हवं असेल तर बस आहे, घराजवळ चढता येतं. पण बसमध्ये मनात आलं तेव्हा उठून चालता येत नाही आणि संडासासाठी ड्रायव्हर थांबेल तेव्हाच. आईच्या वयाला हे दोन्ही जमत नाही. शिवाय १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ती बातमी वाचल्यापासून रात्रीच्या बसमध्ये मला झोप लागत नाही. माझ्या माणसांना मी गाडीनेच पाठवते.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. दिवाळी आणि मे महिन्यासाठी त्या सकाळी आयआरसीटीसीचं आधार जोडलेलं खातं उघडून तयार बसा, प्रवाशांची नावं आधीच भरून ठेवा. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. त्यात खालचा बर्थ मिळाला तर नशीब, म्हणून गुडघे दुखणाऱ्या माणसाचं तिकीट तत्काळवर ठेवू नका. बुकिंग करताना "लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा" या पर्यायावर खूण करायला विसरू नका. लोअर शिल्लक नसेल तर तिकीट बुक होत नाही आणि तुम्हाला लगेच दुसरी तारीख बघता येते.