लॉसलेस सेवा निवडताना आधी डॅकपर्यंतची वाट बघा

लॉसलेस म्हणजे काहीही न गाळता साठवलेला आवाज. टायडल, कोबझ, अ‍ॅपल म्युझिक आणि अ‍ॅमेझॉन म्युझिक या ऑनलाइन संगीताच्या चारही सेवा २४ बिट/१९२ किलोहर्ट्‌झपर्यंत जातात; पहिला आकडा आवाजाच्या प्रत्येक नमुन्यातल्या तपशिलाचा, दुसरा सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांचा (सॅम्पल रेट, हजारांत). स्पॉटिफायचं लॉसलेस सप्टेंबर २०२५ मध्ये आलं, ते २४ बिट/४४.१ वर थांबतं. डीझर १६/४४.१ म्हणजे सीडीच्या दर्जावर. मास्टर (अल्बमची अंतिम ध्वनिप्रत) एकच असेल तर सीडी दर्जा आणि हाय-रेझ (सीडीच्या वरचा दर्जा) यांतला फरक ओळखणं भल्याभल्या कानांना जमत नाही. म्हणून या आकड्यांवर निवड करू नका. सर्व्हरवरून निघालेली फाइल डॅकपर्यंत, म्हणजे डिजिटल फाइलचा ऐकण्याजोगा संकेत करणाऱ्या उपकरणापर्यंत, कुठल्या वाटेने येते ते बघा, कारण घोळ होतो तो तिथेच.

नेटवर्क स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं वेगळं उपकरण) असेल तर सेवेचं स्वतःचं ‘कनेक्ट’ हवंच. टायडल कनेक्ट, स्पॉटिफाय कनेक्ट आणि २०२५ मध्ये आलेलं कोबझ कनेक्ट या तिन्हींत फोन फक्त रिमोटचं काम करतो. गाणं स्ट्रीमर थेट इंटरनेटवरून ओढतो. फोनच्या ऑडिओ सिस्टिमचा हात फाइलला लागत नाही आणि मध्येच कुणाचा कॉल आला तरी संगीत चालू राहतं. स्पॉटिफायच्या बाबतीत एक अडचण आहे: जुन्या स्ट्रीमरवर कनेक्ट चालतं, पण लॉसलेस मिळेलच असं नाही, आणि ॲपमध्येही लॉसलेस प्रत्येक उपकरणावर वेगळं चालू करावं लागतं. अ‍ॅमेझॉन म्युझिक घ्यायचं असेल तर ते स्ट्रीमरच्याच ॲपमध्ये बसवलेलं आहे का ते पाहा; ब्लूसाउंड, विम, हिऑस यांच्यात ते आहे.

अ‍ॅपल म्युझिकची गोष्ट वेगळी. एअरप्लेची (अ‍ॅपलच्या वायरलेस जोडणीची) मर्यादा सीडीइतकीच, आणि एअरप्ले २ वर बऱ्याचदा आवाज एएसी या तपशील गाळून दाबलेल्या प्रकारात जातो, म्हणजे लॉसलेस राहतच नाही. या सेवेचा पुरेपूर उपयोग यूएसबी केबलने जोडलेल्या डॅकवरच होतो. आयफोन गाण्यानुसार सॅम्पल रेट आपोआप बदलतो. मॅकवर मात्र ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये जो दर ठेवलेला असेल त्याच दरात सगळं बाहेर पडतं. तिथे ९६ ठेवून सीडी दर्जाचा अल्बम लावला की तो ४४.१ वरून ९६ ला ओढला जातो.

विंडोजवर नेहमीच्या मार्गाने आवाज सिस्टिमच्या मिक्सरमधून जातो आणि सगळं एकाच ठरलेल्या दरात बदललं जातं. टायडल आणि कोबझच्या डेस्कटॉप ॲपमध्ये ‘एक्स्क्लुसिव्ह मोड’ आहे, तो चालू केला की हा मिक्सर टळतो. टायडलमध्ये त्याच ठिकाणी ‘फोर्स व्हॉल्यूम’ही दिसतं. ते चालू केल्यावर ॲपचा आवाज पूर्ण शंभर टक्क्यांवर जातो. डॅक थेट पॉवर ॲम्पला जोडला असेल आणि मध्ये कुठेच व्हॉल्यूमची खुंटी नसेल, तर या बटणाला हात लावू नका. स्पीकर फाटू शकतात.

वाट नीट आहे की नाही हे डॅकचा डिस्प्ले सांगतो. आधी सीडी दर्जाचा अल्बम लावा: ४४.१ दिसायला हवं. मग ९६ चा, मग १९२ चा. आकडा प्रत्येक वेळी बदलला पाहिजे. काहीही लावलं तरी ४८ च दिसत असेल तर बहुधा अँड्रॉइड फोन वाटेत दर बदलतो आहे. १९२ ला आवाज तुटत असेल आणि डॅक ऑप्टिकल केबलवर असेल, तर केबलवर संशय घ्या. ऑप्टिकल जोडणी ९६ पर्यंतच भरवशाची. मात्र ४४.१ दिसलं म्हणजे लॉसलेस आहे असं समजू नका, एएसीही त्याच दरात येतं. फाइलचा प्रकार स्ट्रीमरच्या ॲपमध्ये वाचा. ब्लूटूथ या हिशेबात धरूच नका: त्यावरच्या एलडॅक या प्रकाराची कमाल ९९० केबीपीएस, तर सीडीचा मूळ प्रवाह १४११ केबीपीएस.

सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणं), क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) आणि इक्वलायझर बंद करा. वाय-फाय आणि मोबाइल डेटाचा दर्जा वेगवेगळा ठेवता येतो, दोन्ही तपासा. २४/१९२ चा मूळ प्रवाह सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट असतो, फ्लॅकमध्ये (काहीही न गाळता दाबलेल्या फाइलमध्ये) तो बराच कमी होतो. त्यामुळे गाणं अडखळलं तर इंटरनेटच्या प्लॅनपेक्षा भिंतीपलीकडचं वाय-फाय दोषी असण्याची शक्यता जास्त. स्ट्रीमरला लॅन केबल लावा.

चाचणीच्या मुदतीत नवीन गाणी शोधत बसू नका. अंगवळणी पडलेले वीसेक अल्बम शोधा आणि कुठल्या वर्षाचं मास्टर दिलंय ते बघा. जुन्या अल्बमचं जोरकस, दाबून मोठं केलेलं रीमास्टरच तेवढं असेल, तर १९२ चा आकडाही त्याला वाचवत नाही. मग मैफलीचं एखादं लाइव्ह ध्वनिमुद्रण लावा. दोन ट्रॅकच्या सांध्यावर टाळ्या क्षणभर जरी तुटल्या, तर तुमच्या जोडणीत गॅपलेस चालत नाही. हा दोष रोज खुपतो.

आमचं मत: स्ट्रीमर असेल आणि तुमच्या देशात कोबझ मिळत असेल तर ते घ्या, अल्बमची माहिती सविस्तर असते, बऱ्याच अल्बमांसोबत पुस्तिका येते आणि फाइल विकतही घेता येते. कोबझ मिळत नसेल तर टायडल. जुलै २०२४ पासून तिथला एमक्यूए हा फाइल-प्रकार जाऊन साधं फ्लॅक आलं, त्यामुळे खास डिकोडरची गरज उरली नाही. आयफोन किंवा मॅकला यूएसबी डॅक लावत असाल तर अ‍ॅपल म्युझिक पुरेसं आहे. सेवा बदलताना साउंडीझसारखी साधनं प्लेलिस्ट हलवून देतात, पण ती नावावरून जुळवणी करतात. लाइव्हच्या जागी स्टुडिओतलं किंवा मूळच्या जागी रीमास्टर येऊन बसतं, तेव्हा हलवल्यावर यादी एकदा डोळ्यांखालून घाला.