एकच घ्यायचा तर कोणता: ‘प्रिटी हेट मशीन’ की ‘द डाउनवर्ड स्पायरल’?

दिवाळीच्या बोनसमधून भाच्याने टर्नटेबल घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. “मामा, नाइन इंच नेल्सची एकच रेकॉर्ड घेणार आहे. पहिली घेऊ की ‘डाउनवर्ड स्पायरल’? आणि दोन्ही घे असं सांगू नकोस.” म्हणजे माझं ठरलेलं उत्तर त्याने आधीच खोडून टाकलं होतं. मग एका रविवारी दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले. याच पेचात असलेले आणखीही काहीजण असतील, म्हणून लिहून काढतोय.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: ट्रेंट रेझ्नर म्हणजे ‘द सोशल नेटवर्क’ आणि ‘सोल’ या चित्रपटांच्या संगीतासाठी ऑस्कर मिळवणाऱ्यांपैकी एक. नाइन इंच नेल्स त्याचंच. बँड म्हणायचं खरं, पण या दोन अल्बमांच्या काळात स्टुडिओतला बँड म्हणजे बहुतांशी तो एकटाच. वाजवणारी माणसं दौऱ्याला निघताना गोळा व्हायची.

‘प्रिटी हेट मशीन’ १९८९च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्याआधी रेझ्नर क्लीव्हलंडच्या राइट ट्रॅक स्टुडिओत पडेल ते काम करायचा, अगदी साफसफाईसुद्धा. स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा मालक त्याला तिथे फुकट रेकॉर्डिंग करू द्यायचा. मनासारखे वादक मिळेनात म्हणून सगळं स्वतःच वाजवायचं त्याने ठरवलं; गायक प्रिन्स तसं करायचा, मग आपण का नाही? हाताशी एक सॅम्पलर (आवाज पकडून पुन्हा वाजवणारं यंत्र), एक मॅकिंटॉश संगणक आणि काही सिंथेसायझर. ते डेमो घेऊन तो टीव्हीटी या कंपनीकडे गेला. ही कंपनी तोवर टीव्ही मालिकांच्या शीर्षकगीतांचे संग्रह काढण्यासाठी ओळखली जायची. कंपनीच्या मालकाला तयार अल्बम अजिबात रुचला नाही म्हणतात. पुढे अमेरिकेत त्याच्या तीस लाखांवर प्रती गेल्या.

या अल्बमबद्दल एक गोष्ट लोक चारचौघांत कबूल करत नाहीत: ही मुळात नाचायची गाणी आहेत. कडवं, ध्रुवपद, पुन्हा कडवं. ‘हेड लाइक अ होल’ एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही. पैशालाच देव करून त्याच्यासमोर गुडघे टेकणाऱ्यांवर ओरडणारं गाणं, आणि चाल अशी की मोर्च्यात घोषणा म्हणून चालावी. ‘टेरिबल लाय’मध्ये थेट देवाशी भांडण आहे. जनाबाईने विठ्ठलाला दिलेल्या शिव्या ज्यांच्या कानावर आहेत त्यांना देवाशी भांडणं नवीन नाही. पण तिथे समोरचा ऐकतोय याची खात्री असते, इथे ती नाही. ‘समथिंग आय कॅन नेव्हर हॅव’ हे संथ पियानोचं गाणं तर मला अजूनही या अल्बममधलं सगळ्यात उत्तम वाटतं.

दोष? ड्रम मशीनचा आवाज पातळ आहे, १९८९चा शिक्का अंगावर ठळक दिसतो. काही यमकं कॉलेजच्या वहीच्या शेवटच्या पानावरची वाटतात. आणि ‘काइंडा आय वाँट टू’ मी हल्ली सरळ ओलांडतो.

आता दुसरा. ‘द डाउनवर्ड स्पायरल’ मार्च १९९४चा. मधल्या साडेचार वर्षांत रेझ्नरचं टीव्हीटीशी फाटलं, १९९२मध्ये ‘ब्रोकन’ हा गिटारचा कहर करणारा छोटा अल्बम येऊन गेला, आणि यावेळी पैसा हाताशी होता. त्याने लॉस एंजेलिसमध्ये सिएलो ड्राइव्हवरचं घर भाड्याने घेऊन तिथेच स्टुडिओ थाटला. १९६९मध्ये मॅन्सनच्या टोळीने अभिनेत्री शॅरन टेट आणि इतरांना मारलं ते हे घर. दारावर रक्ताने ‘पिग’ लिहिलं होतं, म्हणून याने स्टुडिओचं नाव ठेवलं ‘ल पिग’. पुढे टेटच्या बहिणीने त्याला समोरासमोर विचारलं की माझ्या बहिणीच्या मृत्यूचा तू वापर करतोयस का, तेव्हा तो हादरला. हे त्यानेच नंतर मुलाखतीत सांगितलं. अल्बम ऐकताना हा इतिहास डोक्यात ठेवायची गरज नाही असं माझं मत. तो न सांगताही आवाजात पुरेसा अंधार आहे.

सुरुवात ‘टीएचएक्स ११३८’ या चित्रपटातल्या मारहाणीच्या आवाजाने होते. दणका, कण्हणं, दणका. वेग वाढत जातो आणि एकदम ड्रम कोसळतात. चौथं ‘मार्च ऑफ द पिग्ज’ टाळी देत ऐकून बघा. सात, सात, सात आणि मग आठ. सात मात्रांच्या रूपक तालात रमलेला हात चौथ्या आवर्तनाला हमखास चुकतो. मधेच सगळं थांबतं आणि एक गोडसा पियानो वाजतो, जणू काही झालंच नाही.

पण मला भाच्याला जे दाखवायचं होतं ते पाचव्या गाण्यात आहे. ‘क्लोजर’ सगळ्यांना माहीत असतं ते त्यातल्या शिवीमुळे. त्याच्या ढोलाचा ठोका रॉक गायक इगी पॉपच्या १९७७च्या ‘नाइटक्लबिंग’मधून उचलून पार बदलून टाकलेला आहे. गाणं थरावर थर चढवत जातं, आणि शेवटी सगळे थर गळून पडले की पियानोवर उतरत जाणारे चारदोन सूर उरतात. पहिल्यांदा ऐकताना ते लक्षातही राहत नाहीत. मग आठ गाण्यांनंतर, तेराव्या म्हणजे अल्बमच्या नावाच्याच गाण्यात, तेच सूर गिटारवर परत येतात आणि तेव्हा कळतं की आपण इतका वेळ जिना उतरत होतो. हे सुटं गाणं ऐकून मिळत नाही. प्लेलिस्टमध्ये तर नाहीच नाही.

दोन अल्बमांतला खरा फरक मला इथे दिसतो. पहिल्यात राग कुणावर तरी आहे: सोडून गेलेल्या माणसावर, देवावर, पैशावर. जवळजवळ प्रत्येक गाण्यात समोर कुणीतरी ‘तू’ आहे. दुसऱ्यात तो ‘तू’ हळूहळू नाहीसा होतो आणि माणूस स्वतःलाच एकेक करून सोलत जातो. म्हणून पहिला ऐकून मोकळं वाटतं, दुसरा ऐकून थोडा वेळ बोलावंसं वाटत नाही. दुसऱ्याची गोष्ट आत्मनाशापर्यंत जाते, हे घेणाऱ्याला आधीच सांगायला हवं. मन आधीच खाली असेल त्या दिवसांत रात्री एकट्याने हा लावू नये. हे मी संगीताचा जाणकार म्हणून नाही, मामा म्हणून सांगतोय.

अर्थात तोही निर्दोष नाही. ‘बिग मॅन विथ अ गन’ची टिंगल कुणाची आहे हे कळेपर्यंत गाणं संपतं, जेमतेम दीड मिनिटाचं आहे, तेवढंच बरं.

आता व्यवहाराचं. पहिला ४८ मिनिटांचा, १० गाणी. दुसरा ६५ मिनिटांचा, १४ गाणी. त्यामुळे रेकॉर्डवर तो दोन तबकड्यांत येतो आणि ऐकताना तीनदा उठून बाजू बदलावी लागते. एवढ्या गुंफलेल्या अल्बमला हे मारकच. पहिल्याची २०१०ची नव्याने मास्टर केलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. खालचा आवाज त्यात भरीव झालाय, शिवाय क्वीन या बँडच्या ‘गेट डाउन, मेक लव्ह’चं रेझ्नरने केलेलं रूप जास्तीचं मिळतं. दुसऱ्याची २००४ची दोन सीडींची आवृत्ती जुन्या बाजारात दिसली तर सोडू नका. त्या वेळचे डेमो आणि इतर गाणी तिच्यात आहेत.

तुम्ही डेपेश मोड या सिंथ-पॉप बँडकडून इकडे येत असाल तर पहिला, मेटलकडून येत असाल तर दुसरा. प्रवासात, जिममध्ये, स्वयंपाक करताना ऐकणार असाल तर पहिलाच, प्रश्नच नाही. दुसऱ्यातलं शेवटचं गाणं ‘हर्ट’ तुम्हाला कंट्री गायक जॉनी कॅशच्या आवाजात आधी भेटलं असेल तर मात्र दुसरा घ्या. कॅशच्या गाण्यात मागे वळून बघणारा म्हातारा आहे. मूळ गाण्यात मागे बघायला काही नसलेला एकोणतिशीच्या आतला पोरगा आहे, आणि तो तेरा गाणी उतरून तिथे पोचलाय. गंमत म्हणजे ‘क्लोजर’चा आणि कॅशच्या ‘हर्ट’चा, दोन्ही व्हिडिओ मार्क रोमानेकनेच दिग्दर्शित केलेले.

भाचा लोकलमध्ये तुकड्यातुकड्याने गाणी ऐकणारा, सलग तासभर एका जागी बसेल तर शपथ. म्हणून मी त्याला पहिला सांगितला. त्याने नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि दुसरा घेतला.

परवा रात्री साडेअकराला फोन. “मामा, शेवटचं गाणं संपलं पण घरघर चालूच आहे. सुई गेली का रे?”

“सुई ठीक आहे. ते तसंच आहे. उचलू नकोस.”