ताडोबाच्या फोटोग्राफी टूरमध्ये 63,000 गेले, आणि मंगळवार मला माहीत होता

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. ओटीपी कुणाला दिला नाही, कुठली लिंक उघडली नाही, तरी 63,000 रुपये घालवून बसलोय. त्यातले 31,500 माझे आणि 31,500 माझ्या शब्दावर आलेल्या मित्राचे, जो गेली पंचवीस वर्षं मला हुशार समजत होता.

कॅमेऱ्याचा नाद मला उशिरा लागला, पंचेचाळिशीनंतर. पुण्यातल्या आमच्यासारख्यांचं वर्ष ठरलेलं असतं. थंडीत भिगवण, पाऊस तोंडावर आला की भंडारदऱ्याकडे काजवे, सप्टेंबरात कास, आणि उन्हाळ्यात पाणवठे आटायला लागले की ताडोबा. बाकीचं सगळं आपली गाडी काढून होतं. ताडोबाला मात्र परमिट, गेट, जिप्सी, कोअर (आतलं जंगल) की बफर (भोवतालचा पट्टा) ही भानगड असते आणि असली माणसं नेमकी तिथेच टपून बसलेली असतात.

टूर काढणारा हा मुलगा मला जानेवारीत भिगवणला भेटला. दोन हजार दोनशे घेऊन पहाटे कुंभारगावला होडीत बसवलं, फ्लेमिंगो दाखवले, नाश्ता पोहे-चहा, सगळं चोख. त्या दिवशी मला पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानबदकांसारख्या हंसांचा, थवा उजेड फुटताना उडताना मिळाला. तो फोटो बघून म्हणाला, "काका, हा तर मासिकात छापण्यासारखा आहे, तुम्ही टूरिस्टांबरोबर जिप्सीत बसायचं नाही, तुम्हाला फोटोग्राफरची वेगळी बॅच लावून देतो." झालं. पुढचे पैसे मी त्याच वाक्याचे भरले, वाघाचे नाही.

चार सफारी, तीन रात्री, जिप्सीत सहाऐवजी चारच जण, माणशी 31,500. 2 मार्चला 20,000, 28 मार्चला 25,000, 20 एप्रिलला 18,000, तिन्ही यूपीआयने. स्क्रीनवर नाव भलत्याच बाईचं आलं. विचारलं तर "वहिनींचं खातं आहे काका, माझी लिमिट संपली." लिमिट तिन्ही वेळा बरी संपते. पैसे पाठवताना स्क्रीनवर दिसणारं नाव वाचा. वेगळं असेल तर तिथेच थांबा, वहिनी असो नाहीतर मावशी.

आता जे आठवून अजून रात्री उठून बसतो ते. मे सुरू झाला तेव्हा परमिटचं पीडीएफ आलं. रविवार 11 मे दुपार, सोमवारी सकाळ-दुपार, आणि चौथी सफारी मंगळवार 13 मे सकाळ. मंगळवार! ताडोबा मंगळवारी बंद असतं हे मला माहीत आहे. 2019 ला मी ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ राहिलोय, सोमवारी संध्याकाळी बॅगा भरताना हेच बोललो होतो की उद्या सुट्टी, बरं झालं आजच निघतोय. मित्रानेही विचारलं, अरे मंगळवारी कसं काय? आणि मी त्याला, म्हणजे मीच, ऐटीत सांगितलं की फोटोग्राफरसाठी स्पेशल परमिशन असते, आपण काय साधे टूरिस्ट आहोत का. कारण त्या पोराने मला फोनवर अगदी तेच सांगितलं होतं आणि मला ते ऐकायला आवडलं होतं. त्याच पीडीएफमध्ये आयडीच्या रकान्यात माझा मोबाइल नंबर होता. आधार नंबर त्याने कधी मागितलाच नाही! परमिटवर ज्याचं नाव त्याचाच आयडी गेटवर बघतात, तेव्हा जो आयडीचा नंबरच मागत नाही त्याने परमिट काढलेलंच नाही, इतकं साधं.

बरं, कोणीही फसला असता हो. आधीची ट्रिप नीट झालेली, माणूस समोर भेटलेला, एकत्र वडापाव खाल्लेला. तो फसवणार असं कसं वाटणार?

मोहर्ली गेटवर दुपारी डोकं फुटेल असं ऊन. तिथल्या माणसाने मोबाइल हातात घेतला, झूम केलं आणि शांतपणे म्हणाला, "हे आमचं नाही जी." रिसॉर्टमध्येही बुकिंग नव्हतं. म्हणून सांगतो, रिसॉर्टला स्वतः फोन लावा, आणि नंबरही स्वतः शोधा, त्यांनी दिलेला नको. तिकडे पोराचा फोन बंद. जाण्यायेण्याचे 7,460 आणि चंद्रपुरातल्या लॉजचे 1,800 वेगळे.

आणि मग सुरू झाला खरा जंगलप्रवास. तिकडच्या ठाण्यात म्हणाले पैसे पुण्यातून गेले, पुण्यात जा. पुण्यात म्हणाले फसवणूक गेटवर कळली ना, मग तिकडे. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो, हे मी म्हटल्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की आरोपी मीच. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "आधी गेला होतात ना त्याच्याबरोबर? मग हा तुमचा आपसातला व्यवहार, सिव्हिल मॅटर." तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली नाही. चौथ्या खेपेला अर्ज सापडेना. बँकेत एसीत बसलेल्या ताई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलाय ना सर. हो ताई, मीच टाकलाय, फसवणूक अशीच होते, चोर काय माझा अंगठा कापून नेणार आहे? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पण पैसे गेल्यावर लगेच, तासाभरात फोन केला तर उपयोग असतो, आमचे जाऊन महिने झालेले. त्या वहिनींच्या खात्यात गोठवायला 1,140 रुपये शिल्लक निघाले, आणि ते सोडवायला म्हणे कोर्टाची ऑर्डर आणा!

परमिट वनविभागाच्या सरकारी साइटवरून स्वतःच्या लॉगिनने काढा, एजंट कितीही गोड असू दे. चॅट डिलीट करू नका, मी रागात अर्धं केलं.

मित्राला त्याचे 31,500 मी परत दिले. त्याने नको नको म्हणत घेतले. आता फोन कमी करतो.

परवा एका ग्रुपवर नव्या नंबरवरून पोस्टर आलं. "सीझन पास, काजवे ते ताडोबा, चार ट्रिप फक्त 24,999, मोजक्याच सीट." वर उडत्या पट्टकादंबांचा फोटो. माझा आहे तो. कोपऱ्यातलं माझं नाव तेवढं कापलंय.